आण्णांच्या कपाटातला मळसूत्री शंख: हा नेमका कोण?

रुपेरी_तार | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी मूळची हुपरीची, आता कोल्हापुरात गुजरीत चांदीच्या कामाला असते. घर रंगवायला काढलंय म्हणून काल आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लोखंडी कपाट रिकामं केलं. वरच्या खणात जुन्या पावत्यांवर ठेवलेला हा दगड लहानपणापासून बघत आले. पंख्याच्या वाऱ्यानं पावत्या उडू नयेत, एवढंच त्याचं काम. काल पहिल्यांदाच दुकानातल्या दहापट भिंगाखाली धरला आणि रात्री दीडपर्यंत बघत बसले.

दगडच आहे, पण आकार शंखाचा. लांब, निमुळता, मळसूत्रासारखा. व्हर्नियरनं मापं घेतली: लांबी ४६ मिमी, सगळ्यात रुंद जागी १६ मिमी. वरचं टोक मोडलंय, मोडल्या जागी रुंदी साडेतीन मिमी. वेढे नऊ आणि वर थोडा. रंग मातकट पिवळा, तोंडाशी बारीक वाळूचा दगड घट्ट बसलाय. प्रत्येक वेढ्यावर आडव्या बारीक धारा आहेत. पण वेढ्याच्या खालच्या भागातली एक धार बाकीच्यांपेक्षा इतकी ठळक, की तिथं वेढ्याला सरळ कोन पडलाय.

खालून तिसऱ्या वेढ्यावर एक भोक आहे. ते इतकं गोल आहे, की कुणीतरी दोऱ्यात ओवायला पाडलंय असं वाटलं.

आण्णा बहिणीकडं गेलेत, कुठून आणला ते आल्यावर विचारीन. तोवर कुणी सांगाल का, हा कोण आहे?

गंगावेस | सोमवार, रात्री १०:०५

ताई, फोटो लई भारी आलेत. भोकाचा अजून जवळनं काढा की एक.

जांभा_दगड | सोमवार, रात्री १०:३०

मी दर रविवारी पन्हाळा ते मसाई पठार चालतो. आण्णांनी तिकडूनच उचलला असेल. आपल्याकडं पूर्वी सगळा समुद्र होता असं ऐकलंय, मग शंख सापडणारच.

खडक_वाचक | मंगळवार, सकाळी ७:१५

बत्तीस वर्षं भूशास्त्र शिकवलं, त्यामुळं या प्रतिसादाला सविस्तर उत्तर देतो. जांभा_दगड, राग मानू नका, हा समज फार लोकांचा आहे.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि दख्खनचं पठार उभं राहिलं. जोतिबा, पन्हाळा, राधानगरीचे डोंगर सगळे त्यातलेच. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा जांभा हा त्याच पाषाणाची पावसापाण्यानं कुजून झालेली टोपी आहे. हे थर समुद्रात साठलेले नाहीत, जमिनीवर पसरलेले आहेत. त्यात सागरी शंख मिळायचं कारण नाही.

गोगलगायी मात्र दख्खनमध्येही मिळतात, आणि ओळख पटवायला त्यांचा उपयोग होईल. एक लाव्हा येऊन गेला आणि दुसरा यायच्या आधी बराच काळ गेला, तर मधल्या काळात तळी साचली, गाळ बसला. असे गाळाचे थर नागपूरच्या बाजूला चांगले दिसतात. त्यात गोड्या पाण्यातली एक गोगलगाय मिळते, फायसा प्रिन्सेपी. तिची खूण सोपी: ती डावखुरी आहे. शंख टोक वर करून धरा, तोंड आपल्याकडं वळवा. तोंड डाव्या हाताला आलं तर डावखुरा, उजव्या हाताला आलं तर उजवा. रुपेरीताईंच्या फोटोत ते उजवीकडं आहे, आणि अंगही फायसासारखं फुगीर नाही. म्हणजे ती नव्हे. हा शंख दख्खनच्या बाहेरून आलाय.

आता ताईंना एक काम. तोंडाच्या तळाशी काय आहे? कड गोल फिरून मिटते, की खाली खाच किंवा पन्हळ आहे? अर्धी ओळख तिथं आहे.

ब्रह्मपुरी_वेडा | मंगळवार, सकाळी ११:२०

बाहेरून आलाय म्हणताय तर एक शंका. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीला १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं. ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, ब्राँझची मूर्ती आपल्या टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथला व्यापार समुद्रापार होता. मग भोक पाडलेला शंख म्हणजे कुणाच्या तरी गळ्यातला मणी असू शकतो ना?

मालवणी_भरती | मंगळवार, दुपारी १:०५

भोकाबद्दल मी बोलतो, कारण लहानपणापासून किनाऱ्यावर असे शिंपले वेचतोय. माणसानं पाडलेलं भोक आणि गोगलगायीनं पाडलेलं भोक वेगळं दिसतं.

होय, गोगलगाय भोक पाडते. चंद्रगोगलगायी, शास्त्रात नॅटिसिडी, वाळूत दबून दुसऱ्या शंख-शिंपल्यांची शिकार करतात. सावज पायात गुंडाळून घ्यायचं, एका जागी आम्ल लावून कवच मऊ करायचं, मग दातेरी जिभेनं खरवडायचं, असं आळीपाळीनं तासन् तास चालतं. आरपार गेलं की आतलं मांस खायचं. त्यांचं भोक बाहेर रुंद, आत अरुंद असतं, वाटीच्या उतारासारखं. काटेरी शंखांचं एक कुल आहे, म्युरिसिडी, त्यांची भोकं बहुधा सरळ उभ्या भिंतींची असतात. ताई, भिंगातून कड बघा.

रुपेरी_तार | मंगळवार, रात्री ९:१५

बघितली. अगदी तुम्ही म्हणताय तशीच!

बाहेरचा व्यास २.६ मिमी, आतला दीडच्या आसपास. स्क्रूचं डोकं आत बुडावं म्हणून आम्ही भोकाचं तोंड पसरट करून घेतो, हुबेहूब तसा उतार. पण ड्रिलनं पाडलं असतं तर भिंतीवर गोल ओरखडे राहतात, ते मला लगेच कळतात, रोजचं काम आहे. इथं ओरखडा नाही, भिंत गुळगुळीत, आणि उताराच्या कडेला तोच मातकट रंग, तीच वाळू चिकटलेली. म्हणजे शंख गाळात पुरला जाण्याआधीच भोक पडलेलं होतं. ब्रह्मपुरी_वेडा, मणी नाही हो हा. ही शिकार आहे.

हे कळल्यावर मी दगड गादीवर ठेवला आणि थोडा वेळ नुसती बघत राहिले. इतकी वर्षं पावत्यांवर पडून होता.

खडक_वाचक सर, तोंड वाळूनं भरलंय, खाच दिसत नाही. खरवडू का?

गंगावेस | मंगळवार, रात्री ९:३०

लिंबू नाहीतर व्हिनेगर लावा, चकाचक हुतंय.

खडक_वाचक | मंगळवार, रात्री ९:३४

नको! ताई, हातातलं सगळं खाली ठेवून आधी हे वाचा.

कवच हे चुन्याचं, कॅल्शियम कार्बोनेटचं. लिंबू, व्हिनेगर, दागिने उजळायचं कुठलंही द्रावण त्याला खाऊन टाकेल, आणि सगळ्यात आधी जातील त्या बारीक धारा, ज्यांच्यावरून आपण ओळख पटवणार आहोत. तुमच्याकडं दागिने धुवायचं कंपनांचं मशीन असेल, तेही नको. पॉलिश नको, मेण नको. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि बांबूची काडी. जेवढं सहज सुटेल तेवढंच काढा.

आणखी एक बघा. तुम्ही ओतकाम करणाऱ्या, तुम्हाला हे एका वाक्यात कळेल: तुमच्या हातात खुद्द कवच आहे, की त्याचा आतला ठसा? पुष्कळदा शंखाच्या पोकळीत गाळ भरतो, दगड होतो आणि बाहेरचं कवच विरघळून जातं. उरतो तो गाभा. गाभ्यावर बाहेरच्या धारा नसतात, आणि तसल्या गाभ्याला नाव देणं फार अवघड.

रुपेरी_तार | बुधवार, सकाळी ८:००

साचा आणि गाभा, कळलं सर. मोडलेल्या टोकाकडून बघितलं. बाहेर पांढरट कडं आहे, साधारण अर्धा मिमी जाड, आणि आत वाळूचा दगड वेगळ्या रंगाचा. म्हणजे कवच शाबूत आहे आणि पोकळी भरलेली. धारा कवचावरच आहेत.

तोंड रात्रभर पाण्यात भिजवून काडीनं साफ केलं. निम्मी वाळू सुटली. खालची कड गोल फिरते. खाच नाही, पन्हळ नाही. बोटानं फिरवून बघितलं तरी कुठं अडकत नाही.

खडक_वाचक | बुधवार, सकाळी १०:४५

फार छान काम केलंत. आता एकेक नाव वगळत जाऊ.

लांब मळसूत्री शंख दिसला की तीन-चार नावं समोर येतात. टेरेब्रा: तिच्या तोंडाच्या तळाला ठळक खाच असते. नाही. सेरिथियम: तळाला छोटी पन्हळ असते, आणि अंगावर बहुधा गाठी असतात. तुमच्याकडं पन्हळ नाही, गाठीही नाहीत. नेरिनिया: ही डायनोसॉरच्या काळातली. तिच्या आतल्या भिंतींना घड्या असतात, मोडल्या जागी त्या नक्षीसारख्या दिसतात. तुम्ही सांगितलेलं कडं साधं आहे. उरते ती टरिटेला: उंच शिखर, पुष्कळ वेढे, आडव्या धारा, गोलसर तोंड, खाच नाही.

हिचा पत्ता असा: मृदुकाय संघ, उदरपाद वर्ग, टरिटेलिडी कुल, टरिटेला प्रजाती. प्रजातीचं हे नाव लॅमार्कनं १७९९ मध्ये दिलं. तिची नमुना जाती टरिटेला टेरेब्रा, आणि वर सांगितलेली टेरेब्रा ही वेगळीच प्रजाती, म्हणून नवख्यांचा इथं हमखास गोंधळ होतो. मराठीत प्रजाती म्हणजे वरची पायरी आणि जाती म्हणजे खालची, हेही ध्यानात असू द्या. वर्तमानपत्रं रोज उलटसुलट लिहितात.

मालवणी_भरती | बुधवार, दुपारी १२:१०

टरिटेला आजही जिवंत आहेत बरं का. वाळू-चिखलात अर्ध्या पुरून राहतात आणि पाण्यातले बारीक कण गाळून खातात. भारताच्या किनाऱ्यावर टरिटेला ड्युप्लिकाटा मिळते, तिच्याही वेढ्यावर ठळक धारा असतात. मग हीच ती नाही कशावरून?

जांभा_दगड | बुधवार, दुपारी २:००

नेटवर 'टरिटेला अगेट' म्हणून पॉलिश केलेले दगड विकायला आहेत, त्यात सगळे असलेच शंख आहेत. त्यावरून नाव लावता येईल का?

खडक_वाचक | बुधवार, सायंकाळी ५:३०

आधी अगेटचं. तो दगड अमेरिकेतल्या वायोमिंगचा, ग्रीन रिव्हर थरांमधला. त्यातले शंख टरिटेला नाहीतच. ती गोड्या पाण्यातली एलिमिया टेनेरा. कुणीतरी नुसत्या लांबट आकारावरून नाव लावलं आणि बाजारात तेच चिकटलं. आकार सारखा म्हणून नातं सारखं नसतं.

मालवणीभाऊंचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर शंखात नाही, शंख कुठल्या थरातून आला यात आहे. ताई, आण्णा कधी येणार?

रुपेरी_तार | गुरुवार, रात्री १०:२०

आण्णा आले. चहा होईपर्यंत दम धरवला नाही, दारातच विचारलं.

२००१ सालची गोष्ट. २६ जानेवारीला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आमच्या गल्लीतून धान्य, ताडपत्री, घोंगडी असं भरून एक ट्रक निघाला. आण्णा त्याच्याबरोबर गेले होते. सामान उतरवून झाल्यावर चालक म्हणाला, इतक्या लांब आलोय तर नारायण सरोवराचं दर्शन घेऊ. नलियाच्या पुढं, एका कोरड्या नदीशी टायर बसला. चालक टायर बदलत होता तोवर आण्णा पात्रात उतरले. तिथं म्हणे काठाच्या उभ्या कापात असले शंख गच्च भरलेला पट्टा होता, गुडघाभर उंचीचा, आणि खाली सुटे पडलेले. त्यातला एक खिशात टाकला.

नदीचं नाव आठवत नाही म्हणतात. "खारी असावी, पाटीवर तसंच काहीतरी होतं." मी तीन वेळा विचारलं, तीन वेळा "असावी" म्हणाले.

भुजनिवासी | शुक्रवार, सकाळी ९:००

मी मूळचा इचलकरंजीचा, नोकरीनिमित्त अकरा वर्षं भुजला आहे. धागा पहिल्यापासून वाचतोय, आता बोलायलाच पाहिजे. आण्णांनी सांगितलेली जागा अगदी जुळते.

नलिया ते नारायण सरोवर हा पश्चिम कच्छचा पट्टा. तिथं मायोसीन काळातले सागरी थर उघडे पडलेत. भूशास्त्रज्ञ बिस्वास यांनी त्यांना दिलेली नावं तिथल्याच नदीची आणि गावाची आहेत: खालचा खारी नदी शैलसमूह आणि वरचा छसरा शैलसमूह. वय साधारण २.३ ते १.६ कोटी वर्षं. टरिटेलांनी गच्च भरलेले पट्टे या थरांत आहेत, अभ्यासक त्यांना टरिटेलाचे थरच म्हणतात. तेव्हा तिथं उथळ समुद्र होता.

आण्णांना माझा नमस्कार सांगा. तो ट्रक आणि तसे कितीतरी ट्रक इथल्या लोकांना अजून आठवतात.

खडक_वाचक | शुक्रवार, दुपारी १२:३०

आता बोलता येईल. आपल्या काळ्या पाषाणापेक्षा हा शंख चार कोटी वर्षांहून अधिक धाकटा.

कॅप्टन ग्रँट या अधिकाऱ्यानं कच्छचा भूशास्त्रीय नकाशा केला. त्याच्या लेखातल्या जीवाश्मांची वर्णनं जेम्स दी कार्ल सॉवर्बी यांनी लिहिली, १८४० मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथात. त्यातच टरिटेला अँग्युलाटा हे नाव पहिल्यांदा आलं. अँग्युलाटा म्हणजे कोन असलेली. ताईंनी पहिल्याच दिवशी "वेढ्याला सरळ कोन पडलाय" असं लिहिलं, तेव्हापासून हे नाव माझ्या मनात होतं. थर माहीत नसताना बोलायचं नव्हतं.

मला आनंद वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. दख्खनची ती डावखुरी फायसा प्रिन्सेपी, तिचंही नाव सॉवर्बींनीच दिलंय, त्याच ग्रंथाच्या त्याच पाचव्या खंडात. एका माणसाच्या मेजावर नागपूरकडची गोड्या पाण्यातली गोगलगाय आणि कच्छची सागरी गोगलगाय एकाच सुमाराला आल्या असणार. फायसाला आता प्लॅटिफायसा या प्रजातीत हलवलंय, म्हणून तिच्यापुढं सॉवर्बींचं नाव कंसात लिहितात. अँग्युलाटा मुळातच टरिटेलात ठेवली होती, तिथं कंस नाही. एवढ्याशा कंसात नावाचा इतिहास असतो.

पुढं व्रेडनबर्ग यांनी १९२० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथात वायव्य भारतातल्या या शंखांची सविस्तर वर्णनं केली. २००९ मध्ये हार्झहाउजर आणि सहकाऱ्यांनी कच्छच्या शंखांचा पुन्हा अभ्यास केला. पश्चिमेकडच्या जुन्या टेथिस समुद्राशी असलेलं त्यांचं नातं सुटून हिंद-प्रशांत महासागराशी कसं जुळत गेलं, ते त्यात आहे.

गंगावेस | शुक्रवार, दुपारी १२:४१

मग झालं की सर! टरिटेला अँग्युलाटा. लिहून टाका ताई.

खडक_वाचक | शुक्रवार, दुपारी १:१५

अजून नाही.

या कुलात जात ठरवताना सगळ्यात भरवशाचा पुरावा टोकाशी असतो. पिल्लाच्या कवचाचे पहिले वेढे कसे आहेत, आणि त्यानंतर मुख्य धारा कुठल्या क्रमानं उमटतात, कुठली आधी, कुठली मागून. मोठ्या वेढ्यांवर दोन वेगळ्या जाती अगदी सारख्या दिसू शकतात. ताईंचं टोक मोडलंय. दुसरा पुरावा वाढीच्या रेषा, त्या वेढ्यावरून उभ्या उतरताना कशा वळतात ते.

रुपेरी_तार | शुक्रवार, रात्री ११:००

किती टोक मोडलंय ते काढलं. मोडल्या जागेपासून सगळ्यात रुंद जागेपर्यंतच्या ४० मिमी अंतरात रुंदी साडेतीनपासून १६ पर्यंत, म्हणजे साडेबारा मिमी वाढते. त्याच हिशेबानं साडेतीनवरून शून्यावर जायला ११ मिमी लागतात. आलेख कागदावर कडा लांबवून बघितल्या, तेवढेच आले. पूर्ण शंख ५७ मिमीच्या आसपास असणार. शिखराचा कोन १८ अंशांजवळ.

वाढीच्या रेषा दिवा आडवा धरल्यावर दिसल्या. सरळ नाहीत, मध्यावर मागं झुकून परत पुढं येतात. आणि एका ठिकाणी रेषा तुटलीय, करवतल्यासारखी कड, आणि तिथून पुढं नवं कवच भरत गेलंय. जोडकामात डाग दिल्यावर उरतो तसा सांधा.

मालवणी_भरती | शनिवार, सकाळी ७:५०

तो खेकड्याचा घाव! तोंडाची कड खेकडा सोलून काढतो, गोगलगाय आत ओढून घेते, वाचली तर कवच पुन्हा बांधते. ही एकदा खेकड्यातून वाचली होती.

पण सर, माझं एक म्हणणं आहे. काळ जुळतो, जागा जुळते, कोन जुळतो. तरी नाव द्यायला इतकी कंजुषी का? सामान्य माणसाला काहीतरी हातात द्यायला हवं.

खडक_वाचक | शनिवार, सकाळी ९:४०

हातात देतोय, जेवढं खरं आहे तेवढं. त्याच कच्छच्या थरांतून टरिटेलाच्या आणखीही जाती नोंदल्या गेल्यात. सॉवर्बींनीच तिथल्या एकीला असिमिलिस, म्हणजे सारखी दिसणारी, असं नाव दिलंय. त्यात टरिटेला ही प्रजाती म्हणजे दोनशे वर्षं सगळ्यांनी वस्तू टाकत राहिलेलं कोठार. एका ठळक धारेवर मी शिक्का मारला तर पुढचा माणूस माझ्या शिक्क्यावर दुसरा मारील. अगेटचं तसंच झालं.

यासाठी शास्त्रात सोय आहे. प्रजाती आणि जाती यांच्यामध्ये 'सीएफ.' लिहायचं, लॅटिन शब्द आहे, अर्थ "ताडून पाहा". टरिटेला सीएफ. अँग्युलाटा. प्रजातीबद्दल खात्री, जातीबद्दल पुरावा या बाजूचा, पण मूळ नमुन्याशी ताडायचं बाकी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत जीवाश्मांचा अभ्यास चालतो, एकदा दाखवून घ्या. आणि आजची ड्युप्लिकाटा नव्हे, याला थराची साक्ष आहे.

त्याआधी चिठ्ठी लिहा. शंखाबरोबर जागा लिहिलेली नसेल तर पन्नास वर्षांनी तो पुन्हा पावत्यांवर जाईल.

मालवणी_भरती | शनिवार, सकाळी १०:०२

पटलं. "ताडून पाहा" चालेल मला.

रुपेरी_तार | रविवार, दुपारी ४:३०

चिठ्ठी केली. दागिन्याच्या डबीत कापूस घालून शंख ठेवला, चिठ्ठी झाकणाला आतून लावली. अक्षर आण्णांचं आहे, माझ्यापेक्षा चांगलं.

टरिटेला सीएफ. अँग्युलाटा सॉवर्बी, १८४०
जागा: कच्छ, नलिया ते नारायण सरोवर रस्ता, कोरड्या नदीचा काठ
थर: मायोसीन, खारी नदी किंवा छसरा शैलसमूह
सापडला: फेब्रुवारी २००१, सुटा, पात्रात
खूण: टोक मोडलेलं, तिसऱ्या वेढ्यावर शिकारीचं भोक, एक भरून आलेला घाव

नदीच्या नावाची ओळ मी रिकामी ठेवायला सांगितली होती. आण्णांनी पेन परत मागून घेतलं, चष्मा पुसला, आणि खाली लिहिलं: नदी: खारी? प्रश्नचिन्ह मोठं काढलंय. भुजनिवासी, तुम्ही त्या रस्त्याला गेलात तर पुलांवरच्या पाट्यांचे फोटो टाकाल का? आण्णा म्हणतात, काठ बघितला तर ओळखीन.